फोटोपुढं डोकं टेकायचं का? ज्युडोतल्या 'रेइ'बद्दल

प्रश्न असा आला आहे: "माझी 9 वर्षांची मुलगी दोन महिन्यांपासून ज्युडोला जाते. क्लास सुरू होताना आणि संपताना सगळी मुलं गुडघे मोडून बसतात आणि भिंतीवरच्या एका जपानी माणसाच्या फोटोसमोर वाकतात, मग सरांना, मग एकमेकांना. माझ्या आईनं हे पाहिलं आणि नातीला म्हणाली, 'देवापुढं हात जोड म्हटलं की पळतेस, आणि त्या कुठल्या जपान्यापुढं डोकं टेकतेस होय?' मला उत्तर सुचेना. ही पूजा आहे का? की नुसती शिस्त? नाही केलं तर चालेल का?"

मी 27 वर्षं ज्युडो खेळते, त्यातली 16 शिकवण्यात गेली. दर जूनमध्ये नवी बॅच आली की हा प्रश्न येतोच, आणि बहुतेक वेळा तो आजीच विचारतात. आईवडील फी भरून, पांढरा गी (ज्युडोचा पोशाख) विकत घेऊन मोकळे झालेले असतात.

आधी फोटोतला माणूस. ते जिगोरो कानो (1860-1938). पेशानं शिक्षक. तोक्योत शिक्षक घडवणाऱ्या मोठ्या संस्थेचे ते बरीच वर्षं प्रमुख होते आणि 1909 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीवर गेलेले पहिले आशियाई. तरुणपणी त्यांनी जुजुत्सू या जपानी झुंजकलेच्या तेन्जिन शिन्यो आणि कितो या दोन जुन्या परंपरा शिकून घेतल्या, सरावात जिवावर बेतेल असे डाव बाजूला काढले आणि 1882 मध्ये तोक्योतल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात जागा घेऊन 'कोदोकान' ही आपली शाळा काढली. जागा बारा ताटामींची, म्हणजे जपानी गवती चटयांची. एक ताटामी साधारण सहा बाय तीन फूट, म्हणजे सगळं मिळून आपल्याकडच्या वन रूम किचनपेक्षाही लहान. मंदिर होतं ते जागेच्या सोयीसाठी. कानो कुणाचे देव नव्हेत. त्यांच्या फोटोला हार आणि उदबत्ती मी पाहिली आहे, पण ती आपल्याकडच्याच एका क्लासमध्ये, गुरुपौर्णिमेला. ज्युडोच्या रीतीत ते कुठंही नाही, आपण आपल्या हौसेनं जोडलेलं आहे.

तरीही आजींना अगदीच खोटं पाडता येणार नाही. या वाकण्याला जपानीत 'रेइ' म्हणतात. (क्लासमध्ये सर तो 'रे' असा ओरडतात आणि पहिल्या दिवशी निम्मी मुलं 'अरे' कुणाला म्हणाले म्हणून मागं वळून बघतात.) या शब्दाची जुनी चित्राक्षरी पाहिली तर डाव्या अंगाला देवाच्या वेदीची खूण आहे आणि उजव्या अंगाला नैवेद्यानं भरलेलं पात्र. म्हणजे मुळाशी पूजाविधीच आहे. चीनमध्ये कन्फ्यूशियसच्या परंपरेनं हाच शब्द देवळातून घरात आणला: माणसानं माणसाशी कसं वागावं, याची रीत. तिथून तो जपानात आला. सामुराईंच्या काळात ओगासावारा घराण्यानं बसणं, उठणं, वाकणं यांचं पुरतं शास्त्र बांधलं. त्यात वाकण्याचा श्वाससुद्धा ठरलेला आहे: वाकताना आत, खाली असताना बाहेर, उठताना पुन्हा आत. जपानमधल्या जुन्या वळणाच्या दोजोत, म्हणजे सरावाच्या हॉलमध्ये, समोरच्या भिंतीवर शिंतो या जपानी धर्माचा देव्हारा असतो, त्याला 'कामिदाना' म्हणतात. तिथं वाकताना काही जणांच्या मनात देव असतोही. आमचा क्लास शाळेच्या हॉलमध्ये भरतो. समोरच्या भिंतीवर आग विझवायचा लाल सिलिंडर आणि गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाची अर्धी फाटलेली पताका. आम्ही त्याच भिंतीला वाकतो. 'शोमेन' म्हणजे समोरची, मानाची बाजू. तिथं फोटो असला काय, नसला काय, सगळ्यांनी मिळून एका दिशेला तोंड करायचं आणि सराव सुरू करायचा, एवढंच तिथं घडतं.

आणि आपला 'नमस्कार' तरी काय आहे? धातूच वाकण्याचा. फोनवर बँकेतल्या माणसाला नमस्कार म्हणताना कुणी त्याची पूजा बांधत नाही.

तुमचं गाव सांगली-कोल्हापूरकडचं असेल तर आईंना तालमीची आठवण करून द्या. पोरगा तालमीच्या दारात चपला काढतो, मारुतीला हात जोडतो, हौद्यात उतरताना चिमूटभर लाल माती कपाळाला लावतो, वस्तादांच्या पाया पडतो आणि मगच जोडीदाराला हात देतो. सलामी झाल्याशिवाय कुस्तीला तोंड फुटत नाही. यात विचित्र कुणाला काही वाटत नाही. उलट माती न लावता पोरगा थेट हौद्यात उतरला तर चार जण त्याला 'घरी काही शिकवलं नाही का' म्हणून विचारतील. केरळच्या कळरीत, म्हणजे तिथल्या युद्धकलेच्या आखाड्यात, तर कोपऱ्यातल्या सात पायऱ्यांच्या पुत्तरेला, म्हणजे वेदीला, वंदन केल्याशिवाय पाय पुढं पडत नाही. थायलंडचे मुष्टियोद्धे लढतीआधी डोक्याला पवित्र बंध बांधून गुरुवंदनेचा संथ नाच करतात, तो ढोल-सनईसारख्या वाद्यांवर चालतो. सुमोत मल्ल उकिडवे बसून टाळी वाजवतात आणि दोन्ही हात पसरून तळवे दाखवतात: बघ, हत्यार नाही. जिथं जिथं दोन माणसं ठरवून एकमेकांना आपटतात, तिथं तिथं आपटण्याआधी काहीतरी करायची रीत आहे.

पण तालीम आणि ज्युडो यांत एक फरक आहे, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथं आहे. आपण वस्तादांच्या पाया पडतो तेव्हा वस्ताद वाकत नाहीत. ते डोक्यावर हात ठेवतात, 'मोठा हो' म्हणतात. देणं आणि घेणं, वर आणि खाली, हे त्यात ठरलेलं असतं. त्यात वाईट काही नाही, मीसुद्धा माझ्या आजोळी गेले की ओळीनं सगळ्यांच्या पाया पडते. रेइ तशी नाही. मी मुलांसमोर बसते, मुलं वाकतात, आणि त्याच क्षणी मीही वाकते. तुमची मुलगी पांढऱ्या पट्ट्याची, मी काळ्या पट्ट्याची, तरी माझी पाठ तिच्याइतकीच खाली जाते. मी तिला आशीर्वाद देत नाही. 'ओतागाई नी रेइ' म्हणजे शब्दशः 'परस्परांना रेइ'. एकानंच केली तर ती अर्धी राहते.

हे एवढं ठासून सांगते, कारण मी उलटंही पाहिलं आहे. मी ज्यांच्याकडं पहिली दोन वर्षं शिकले ते सर कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. आम्ही कपाळ मॅटला टेकेपर्यंत वाकायचो, ते मोबाइल बघायचे. कुणी उशिरा आलं की शिक्षा काय, तर पन्नास वेळा वाकायचं. त्या वयात आम्हाला तेच जपानी वाटायचं. पुढं दुसऱ्या शहरात, दुसऱ्या मॅटवर गेले. तिथल्या साठीच्या बाईंनी मला, एका अनोळखी पोरीला, पहिल्याच दिवशी पूर्ण बसून, शांतपणे, एक आख्खा श्वास घेऊन रेइ केली. मला कुठं बघावं कळेना.

आता प्रत्यक्ष कृती सांगते, म्हणजे मुलगी घरी चुकीचं करत असेल तर तुम्हाला कळेल.

उभ्यानं करायची ती 'रित्सुरेइ'. टाचा जुळवून सरळ उभं राहायचं, कमरेतून साधारण 30 अंश वाकायचं. मांडीच्या बाजूला असलेले हात घसरत गुडघ्याच्या थोडं वर, पुढच्या बाजूला येतात. पाठ आणि मान एका रेषेत राहते, मान वेगळी खाली टाकायची नाही. कोदोकानच्या रीतीप्रमाणं वाकून परत सरळ होईपर्यंत साधारण 4 सेकंद लागतात, म्हणजे संथ असा एक श्वास. आमच्या स्पर्धांमध्ये हे 4 सेकंद अर्ध्या सेकंदावर आलेले असतात, नाकावरची माशी हाकलावी तशी मान हलते आणि पोरं एकमेकांच्या कॉलरला हात घालतात. या बाबतीत आम्ही प्रशिक्षकच ढिले आहोत.

बसून करायची ती 'झारेइ'. यासाठीची बैठक म्हणजे 'सेइझा', आपल्या वज्रासनाची सख्खी बहीण. त्यामुळं आपल्या मुलांना ती जड जात नाही, युरोपातून आलेली पाहुणी मंडळी मात्र दोन मिनिटांत घामाघूम होतात. बसताना डावा गुडघा आधी टेकतो, उठताना उजवा पाय आधी उठतो. सामुराईची तलवार डाव्या कमरेला असायची. उजवा पाय पुढं ठेवून उठलं की ती म्यानातून सरळ बाहेर काढता येते. आता तलवार नाही, पण क्रम तोच राहिला. बसल्यावर दोन्ही तळवे गुडघ्यांपुढं मॅटवर ठेवायचे, बोटांची टोकं किंचित आत वळलेली, आणि वाकायचं. कपाळ जमिनीला लावायचं नाही, साधारण फूटभर वरच थांबायचं. ढुंगण टाचांवरून उचलायचं नाही. लहान मुलं हमखास उचलतात, मग ओळीच्या मागून बघताना तो प्रकार रेइपेक्षा कोलांटीच्या तयारीसारखा दिसतो. तर आजींना सांगा, नात डोकं 'टेकत' असेल तर ती चुकतेय.

एक गैरसमज इथंच निकालात काढते. 'वाकताना समोरच्याच्या डोळ्यांवरून नजर काढू नकोस, तो हल्ला करेल' असं बरेच कराटेचे आणि काही ज्युडोचेही सर शिकवतात. सिनेमात ते छान दिसतं. ज्युडोत नजर शरीराबरोबर खाली जाते. मान वर ठेवून डोळे वटारत केलेली रेइ ही धमकी होते. मी मानेचा मागचा भाग तुला दाखवतेय आणि तू मारणार नाहीस हे मला माहीत आहे, असा त्या वाकण्याचा अर्थ. नजर रोखून धरली तर मग वाकायचं कशाला?

मारणार नाहीस, यावरच सगळं उभं आहे. ज्युडोत फेकणारा 'तोरी' आणि फेकला जाणारा 'उके'. तुमची मुलगी उके असते तेव्हा तिचं 28 किलोचं शरीर तिनं दुसऱ्या पोरीच्या हातात उसनं दिलेलं असतं. मान, कोपर, खांदा, सगळं. तोरीनं तिची बाही शेवटपर्यंत ओढून धरली तर ती पाठीवर सपाट, आवाज करत, सुखरूप पडते. बाही सोडून दिली तर हात अंगाखाली सापडून मोडू शकतो. पुढं मोठ्या मुलांना गळा आवळण्याचे आणि कोपर उलट दाबण्याचे डावही शिकवले जातात. जोडीदारानं दोनदा थोपटलं की त्या क्षणी सोडायचं. कानोंनी ज्युडोचं एक तत्त्व 'जिता क्योएइ' असं सांगितलं, दोघांचंही भलं व्हावं. ऐकायला भिंतीवरच्या सुविचारासारखं वाटतं, पण उके उद्या परत आली नाही तर तोरीला सरावाला माणूसच उरत नाही, इतकं ते रोकडं आहे.

म्हणून रेइ ही कडी आहे. दाराची कडी. रेइ होण्याआधी कुणी कुणाला हात लावायचा नाही, रेइ झाल्यावर पूर्ण ताकदीनं भिडायचं, आणि शेवटची रेइ झाली की आतलं आतच राहतं. माझ्या क्लासमध्ये मॅटवर मुलं भांडली आणि एकमेकांना ढकलू लागली की मी शिट्टी वाजवत नाही. समोरासमोर उभं करते आणि म्हणते, आधी रेइ करा, मग काय ते करा. दहातल्या आठ वेळा रेइ करतानाच हसू फुटतं. उरलेल्या दोन वेळा ती चांगली पाच मिनिटं झुंजतात, पण नियमात झुंजतात.

हे मला स्वतःला कळायला एक हार लागली. एका राज्य स्पर्धेत, मी 19 वर्षांची, चाळीस सेकंदांत पूर्ण गुणानं हरले. डोळ्यांत पाणी, पट्टा सुटलेला, मी तशीच मॅटवरून चालू लागले. पंचांनी परत बोलावलं. वळून पाहिलं तर माझी प्रतिस्पर्धी आपल्या जागेवर, हात मांड्यांना लावून, सरळ उभी. ती जिंकली होती, तिची मैत्रीण बाहेरून ओरडत होती, आणि ती माझी वाट बघत थांबली होती, कारण मी परत आल्याशिवाय तिचं जिंकणंसुद्धा पुरं होत नव्हतं. मी पट्टा बांधला. (कपडे नीट केल्याशिवाय रेइ करायची नसते.) वाकले, तीही वाकली. तिचं नाव आता आठवत नाही, पण तिच्या गीच्या खांद्यावरचं ठिगळ आठवतं.

मोठ्या मंचावरची उदाहरणं म्हणाल तर 23 ऑक्टोबर 1964 चं आठवतं. ज्युडो पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये, तेही तोक्योत, खास बांधलेल्या बुदोकान या सभागृहात. खुल्या गटाची अंतिम लढत: जपानचे अकिओ कामिनागा आणि नेदरलँड्सचे अंतोन गेसिंक. गेसिंकनी त्यांना खाली दाबून धरलं आणि जिंकले. आख्खं जपान सुन्न झालं. आनंदानं बेभान झालेले डच लोक मॅटकडं धावले, आणि गेसिंकनी, अजून मॅटवर असतानाच, हात वर करून त्यांना थांबवलं. आधी रेइ, मग आनंद. जपानी प्रेक्षकांनी त्या हरण्यापेक्षा तो उचललेला हात जास्त लक्षात ठेवला, असं जुनी माणसं सांगतात. 2016 मध्ये रिओला 73 किलो गटाचं सुवर्ण जिंकल्यावर जपानच्या शोहेइ ओनोनं मूठसुद्धा वळली नाही, गंभीर चेहऱ्यानं वाकून तो बाहेर आला. केन्दोत, म्हणजे जपानी तलवारबाजीत, तर गुण मिळवल्यावर नाचलात, मूठ उंचावलीत तर मिळालेला गुण काढून घेता येतो.

त्याच रिओमध्ये उलटंही घडलं. 12 ऑगस्टला जड वजनाच्या गटात इजिप्तचा इस्लाम अल-शहाबी इस्रायलच्या ओर सॅसनकडून हरला. सॅसननं हात पुढं केला, त्यानं मिळवला नाही आणि तो निघाला. पंचांनी त्याला परत बोलावलं, तेव्हा त्यानं जेमतेम मान हलवली. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि पुढं त्याला मायदेशी धाडण्यात आलं. तेव्हा हेही जगाला कळलं की ज्युडोत हस्तांदोलन ऐच्छिक आहे, रेइ सक्तीची आहे. राजकारण कुणाचं बरोबर ते माझं काम नाही. पण ज्याच्याशी हात मिळवायचा नाही त्याच्याशी लढायला मॅटवर उतरलात, त्यानं तुम्हाला फेकताना तुमची मान सांभाळली, तर त्या सांभाळण्याचं देणं लागतं, असं मला वाटतं.

आता 'नाही केलं तर चालेल का'. फोटोपुरतं म्हणाल तर माझ्या क्लासमध्ये चालतं. एका मुस्लीम विद्यार्थिनीच्या वडिलांनी संकोचत विचारलं होतं, की गुडघे टेकून वाकणं त्यांच्याकडं फक्त अल्लाहसमोर असतं. आम्ही दहा मिनिटांत ठरवलं: भिंतीला सगळे वाकतील तेव्हा ती नुसती शांत बसेल, जोडीदाराला उभ्यानं, थोडं वाकून रेइ करेल. ती आता ब्राऊन बेल्ट आहे. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले एक काकाही सगळं उभ्यानंच करतात. स्पर्धेत मात्र प्रतिस्पर्ध्याला रेइ केल्याशिवाय लढत सुरू होत नाही, तिथं सूट नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या काही ज्युडोपटूंनी स्पर्धेतल्या अशा वाकण्याला धर्माच्या मुद्द्यावर न्यायालयात आव्हान दिलं होतं. 2002 मध्ये तिथल्या संघराज्य न्यायालयानं ही रीत धार्मिक कृती नाही असं म्हणून त्यांचा दावा फेटाळला. कायद्यानं ते ठीक आहे. पण नऊ वर्षांच्या पोरीच्या क्लासमध्ये भिंतीवरून हट्ट धरणाऱ्या सरांना मी समजूतदार म्हणणार नाही.

एक गोष्ट तुम्ही स्वतः करा. उद्या क्लास सुटायच्या दहा मिनिटं आधी जा आणि मुलीकडं न बघता सरांकडं बघा. मुलं वाकतात तेव्हा सर वाकतात का? पूर्ण वाकतात, की हनुवटी हलवतात? सगळ्यात कच्च्या, सगळ्यात रडक्या मुलाबरोबर डाव दाखवताना त्याला रेइ करतात का? वाकायला लावणं ही तिथं शिक्षा आहे का? सर स्वतः वाकत असतील तर बाकी उच्चार चुकले, फोटो वाकडा लागला, कानोंचं नाव कुणाला सांगता आलं नाही, तरी मुलीला तिथंच राहू द्या. वाकत नसतील तर दुसरा क्लास शोधा, मग भिंतीवर कितीही पदकं टांगलेली असोत.

आणि आजींनाही बरोबर न्या. रवींद्रनाथ टागोरांनी 1929 मध्ये शिंझो ताकागाकी नावाचे ज्युडो शिक्षक जपानहून शांतिनिकेतनला बोलावले होते, म्हणजे आपल्या देशात हे वाकणं बघून भुवया उंचावणाऱ्या त्या काही पहिल्या आजी नव्हेत. क्लासच्या शेवटी मुलं ओळीनं 'अरिगातो गोझाइमाशिता' म्हणतात, म्हणजे 'तुमचे आभार'. आमच्याकडं एक आजी बाकावर बसून बघत होत्या. मुलं वाकली, मी वाकले, आणि त्यांनी बाकावरूनच दोन्ही हात जोडले. कुणाला, ते मी विचारलं नाही.